डाव्या पंखाची खूण

एका चिलटाएवढ्या गांधीलमाशीच्या नावामागे आमच्या सरांचं आडनाव लागलं आहे. आमच्या शास्त्रात तसा नियमच आहे. जो पहिल्यांदा वर्णन छापतो त्याचं आडनाव त्या किड्याला कायमचं चिकटतं, आणि मग तो माणूस मेला तरी किंवा लबाड निघाला तरी ते कुणाला काढता येत नाही. मी गेली कित्येक वर्षं कॉलेजात हा नियम शिकवते. शिकवताना तोंड फळ्याकडे ठेवते, म्हणजे मुलांना माझा चेहरा दिसत नाही.

या माश्या म्हणजे वळचणीला घर करून डसणाऱ्या तांबड्या गांधीलमाश्या नव्हेत. ह्या दोन-तीन मिलिमीटरच्या, काळ्या, मुंगीला पंख फुटल्यासारख्या दिसणाऱ्या. मादी जिवंत अळीच्या अंगात अंडी घालते. पिल्लं अळीला आतून खात वाढतात आणि वेळ झाली की तिची कातडी फोडून बाहेर येतात व तिच्या अंगाशीच कोश विणतात. एवढं होऊनही अळी काही वेळ जिवंत असते. पिकाच्या दृष्टीनं फार उपकारी किडा. पण यांच्या एकेका जीनसमध्ये शेकडो स्पीसीज आणि सगळ्या एका छापाच्या. जीनस म्हणजे आडनाव आणि स्पीसीज म्हणजे त्या आडनावाचा एकेक माणूस, असं मी मुलांना सांगते. एका आडनावाची शेकडो माणसं, सगळी जुळ्यासारखी, त्यातून नेमका माणूस हुडकायचा, हे माझं पीएच.डी.चं काम होतं.

नव्वद सालानंतरची ती चार-पाच वर्षं. मी इंदापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात तासांवर शिकवत होते. दर जूनला पुन्हा बोलावतील की नाही याची धाकधूक असायची. कायम व्हायचं तर पीएच.डी. पाहिजे, आणि पीएच.डी.ला वजन यायचं तर एखादी नवी स्पीसीज सापडली पाहिजे. मला ती सापडावी असं इतकं वाटायचं की मी स्वप्नातसुद्धा पंखांच्या शिरा मोजत असे.

आई गेल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, सुप्याजवळचं गाव सोडून इंदापुरात माझ्या भाड्याच्या खोलीत राहायला आले होते. त्यांच्या तरुणपणी आमच्याकडे मेंढरं होती. पुढं चराईचे माळ कमी होत गेले तशी मेंढरं गेली आणि जी जिरायत शेती उरली ती चुलते करू लागले. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दिवसभर खोलीत बसून त्यांचा जीव रमेना, म्हणून मी त्यांना माझ्या कामाला लावलं. त्यांच्यावर उपकार केल्यासारखं लावलं, हे आज कबूल करते.

रविवार आला की आम्ही एसटीनं निघायचो. कधी सुप्याच्या माळावर, कधी लोणी भापकरच्या बांधांवर, पण सगळ्यात जास्त लोणी देवकरच्या माळावर, कारण तिथं तरवड दाट होता. तरवडाच्या पानावर पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या असतात. पानाच्या रंगाची अळी मला दहा मिनिटं डोळे फाडूनही दिसायची नाही. आबा चालता चालता काठीनं फांदी दाखवून पुढं जायचे. घरी आणून अळ्या भोकं पाडलेल्या डब्यांत पाल्यावर ठेवायच्या. कोश झाले की ते बाटल्यांत टाकायचे. कोपऱ्यावरचे मेडिकलवाले चाचा आमच्यासाठी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवत. माश्या बाहेर आल्या की त्या मारायच्या, कागदाच्या इवल्याशा त्रिकोणाच्या टोकावर डिंकानं चिकटवायच्या, त्रिकोणातून टाचणी घालायची आणि टाचणीवर चिठ्ठी अडकवायची. चिठ्ठीवर गाव, तारीख, झाड आणि गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे नुसता कचरा. आमच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर नाव माझं असायचं. अर्ध्याहून जास्त अळ्या आबांनी शोधलेल्या असायच्या.

एके दिवशी कॉलेजातून आले तर आबांनी लोणी देवकरच्या बाटल्या जमिनीवर दोन रांगांत मांडल्या होत्या.

"बाय, ह्या दोन कळपांतल्या हायेत," आबा म्हणाले.

"कशावरनं?"

"हे बघ. ती कोशांचा गठ्ठा घालती, लोकरीगत पांढरा. आन् ही येकयेक कोश पसरून घालती, रंगबी पिवळसर. हिच्या मागल्या मांडीला काळी पट्टी हाय, तिच्या न्हाय. आन् चाल बघ की. ही मिशा भुईला टेकवत जाती, ती वर धरून जाती."

"आबा, त्या एकच हायेत."

"कोन म्हनलं?"

"सर म्हणाले."

"सरांनी जित्त्या बगितल्यात का?"

मी हसले आणि चहा ठेवायला उठले. सरांनी त्या कधीच जिवंत पाहिल्या नव्हत्या. सर पुण्याला असत, माझे गाईड, या माश्यांच्या वर्गीकरणात देशभर मान असलेला माणूस. परदेशात तोवर या जीनसच्या वाटण्या होऊन तिच्यातून कितीतरी नव्या जीनस पडल्या होत्या. सरांना ते मुळीच पसंत नव्हतं. एकत्र खटलं मोडायला निघालेल्या धाकट्या सुनांबद्दल बोलावं तसं ते त्या परदेशी लोकांबद्दल बोलत. रंगावर जाऊ नका, कोशावर जाऊ नका, मेलेल्या किड्याच्या अंगावर भिंगाखाली जे दिसतं तेवढंच खरं, हे त्यांचं पालुपद. आबांना या माश्या दोन तऱ्हेच्या वाटतात, हे मी आधी एकदा त्यांना भीत भीत सांगितलं होतं. त्यांचे दोन विद्यार्थी शेजारी बसले होते. सर म्हणाले, "अहो बाई, मेंढरं ओळखणं वेगळं. इथे शिरा मोजाव्या लागतात." ते दोघं हसले. मीही हसले. दुसऱ्याच्या हसण्याचा राग मी केव्हाच विसरले, माझ्या स्वतःच्या हसण्याचा अजून येतो.

त्या संध्याकाळी मी दोन्ही रांगांतल्या माश्या मारून एकाच ताटलीत ओतल्या. आबांनी पुन्हा निवडून दोन भाग केले. मी पुन्हा एकत्र केले. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी आबांनी ताटली तशीच राहू दिली, मला वाटलं त्यांचं समाधान झालं.

इथं आमच्या मेंढरांतली एक रीत सांगायला हवी. कोकरू थोडं मोठं झालं की त्याच्या कानाला काप देऊन खूण करत. प्रत्येक घराची खूण वेगळी. आमची डाव्या कानाला, वरच्या अंगानं, तिरकी. पाण्यावर दोन कळप मिसळले की कान बघून आपापली मेंढरं वेगळी काढायची. त्यातूनही भांडण झालंच तर चार जाणती माणसं बसत. दावा सांगणाऱ्यानं जनावर न बघता खूण सांगायची, मग कान तपासायचा, खूण जुळली की जनावर त्याचं. आणि आणखी एक होतं. चारचौघांत एकदा कुणी 'हे माझं न्हाय' म्हटलं, की पुढं कानावर त्याचीच खूण निघाली तरी ते जनावर त्याला परत मिळत नसे. लहानपणी आबांच्या तोंडून मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला पाठ होतं. पण मी आता शिकलेली बाई होते आणि मेंढरांचा आणि माझ्या किड्यांच्या पेटीचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही.

परीक्षेचे पेपर तपासायचे म्हणून तो पंधरवडा मी पेटीकडे नीट बघितलंही नाही. माश्या चिकटवायचं काम आबाच करत होते. दारातल्या उजेडात भिंग डोळ्याला लावून तासन्‌तास बसलेले असत. हात इतका स्थिर की डिंक कधी सांडला नाही. मी पेटी बंद केली, मांडीवर घेतली आणि पुण्याची गाडी धरली. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला पेटी दोन्ही हातांनी वर उचलून धरत होते.

सरांनी पहिले काही किडे पाहिले, मान डोलावली. मग एकदम थांबले. पुढचा घेतला, त्याच्या पुढचा घेतला. "हे काय आहे?" म्हणाले आणि मला भिंगाशी यायला सांगितलं.

मी पाहिलं. डाव्या पुढच्या पंखाचं टोक नव्हतं. वरच्या अंगानं, तिरकं, स्वच्छ कापलेलं. एका माशीचं नाही, सतरा माश्यांचं. कुणाचं काम आहे हे मला त्याच क्षणी कळलं, कशासाठी केलं तेही कळलं. मी दोन कळप पुन्हा पुन्हा एक करत होते, तेव्हा आबांनी त्यांना ठाऊक असलेला एकच उपाय केला होता.

"कुणी केलं हे?" सरांनी विचारलं. ते दोन विद्यार्थी टेबलाभोवती आले होते.

मी खरं सांगू शकले असते. सर, माझ्या वडिलांनी खूण केली आहे, त्यांच्या मते या वेगळ्या आहेत, एकदा नीट बघा. एवढं एक वाक्य. पण मेंढरांवरून झालेलं ते हसणं माझ्या कानात होतं. मला आबांची लाज वाटली. दुसरं काही नाही, निव्वळ लाज.

"मुंग्यांनी खाल्लं असेल, सर."

"सतरा किड्यांचं? आणि डावाच पंख?"

"हो सर. पेटी त्या बाजूनं उघडी राहिली होती."

सरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मुंगी इतकी सरळ कापत नाही हे पन्नास वर्षं किडे बघितलेल्या माणसाला कळत नव्हतं, असं मी तेव्हा समजले. मग त्यांनी कपाटातून नमुन्यांची नोंदवही काढली आणि म्हणाले, "लिहून द्या." मी लिहिलं : लोणी देवकर येथील सतरा नमुने मुंग्यांनी खाल्ल्यामुळे निकामी, अभ्यासातून वगळले. खाली सही केली. सरांनी त्या सतरा टाचण्या एका वेगळ्या डबीत टोचल्या आणि डबी खालच्या कप्प्यात ठेवून दिली.

घरी आल्यावर मी आबांवर तुटून पडले.

"पंख कापलेत तुमी, आबा! पंखच कापलेत!"

"कापलं न्हाय, खूण केली," आबा शांतपणे म्हणाले. "तू सारखी येक करतीस. आन् शिरंला हात लावला न्हाय मी. टोकाला शिरा न्हाईतच, भिंगातनं बघून घेतलंया. उजवा तर अख्खा ठिवलाय."

ते अगदी खरं होतं. या माश्यांच्या पंखाच्या टोकाकडं बघण्यासारख्या शिरा नसतातच. वर्षभर सरांच्या हाताखाली शिकून मला जे पाठ करावं लागलं होतं ते या माणसानं दाराच्या उजेडात बसून पाहिलं होतं. म्हणून तर मी जास्तच चिडले.

"तुमाला काय कळतंय त्यातलं? अडाणी ते अडाणीच!"

आबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी पुण्यात काय लिहून दिलं ते त्यांना सांगितलं नाही. जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "टाकून न्हाय न्हवं दिल्या?" मी म्हटलं, ठेवल्यात. "मग असू दे," म्हणाले.

प्रबंधात मी लोणी देवकरची माशी एकच स्पीसीज म्हणून लिहिली. मांडीवरची काळी पट्टी म्हणजे रंगाचा फरक, कोशांची ठेवण म्हणजे हवामानाचा परिणाम, अशी दोन पानं भरली. भाषा फार ऐटबाज जमली होती. पीएच.डी. मिळाली, नवी स्पीसीज न सापडताच मिळाली. दुसऱ्या वर्षी कॉलेजात कायम झाले. आबांनी गल्लीत पेढे वाटले आणि चाचांना तर बळेबळे दोन खायला लावले.

त्याच सुमाराला लोणी देवकरच्या माळावर कारखान्यांचे प्लॉट पडायला लागले. आम्ही गेलो तेव्हा तरवड उपटून ढीग लावले होते आणि यंत्र मुरूम पसरत होतं. आबा कुंपणाच्या तारेला धरून उभे राहिले. सुप्याला आणि लोणी भापकरला आम्ही पुन्हा पुन्हा फिरलो. पांढऱ्या गठ्ठ्याची माशी सगळीकडे मिळायची. पिवळ्या कोशाची, मिशा भुईला टेकवत चालणारी, पुन्हा कधी मिळाली नाही.

मग एका दुपारी टपालानं सरांचा लेख आला. वर निळ्या शाईत 'सप्रेम भेट' आणि सरांची सही. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उभ्यानंच वाचायला लागले. लोणी देवकरच्या तरवडावरची एक नवी स्पीसीज. मागच्या मांडीला काळी पट्टी, कोश पिवळसर आणि सुटे. तुलना माझ्या पेटीतल्या पांढऱ्या गठ्ठ्याच्या माशीशी केलेली. हा फरक यापूर्वीच्या अभ्यासकाच्या नजरेतून निसटला, असं एक वाक्य होतं आणि तिथं माझ्या प्रबंधाचा उल्लेख होता. गोळा करणाऱ्याच्या जागी सरांचं नाव. आणि सगळ्यात शेवटी, ज्या एका किड्यावरून नाव दिलं त्याच्या अवस्थेबद्दल एक ओळ : डाव्या पुढील पंखाचे टोक नाही.

म्हणजे सरांना सगळं कळलं होतं. पहिल्या दिवशीच कळलं होतं. कुणीतरी जाणत्या हातानं सतरा माश्या निवडून वेगळ्या केल्या आहेत, आता आपण फक्त नाव द्यायचं बाकी आहे, हे त्यांनी ओळखलं आणि माझ्याकडून मुंग्या लिहून घेतल्या. मला त्या माणसाचा विलक्षण संताप आला. पुढच्या तासाला मी गेलेच नाही.

घरी येऊन मी आबांना लेख वाचून दाखवला, आमच्या बोलीत समजावून सांगितला. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हंजी माझं खरं निघालं!"

"व्हय आबा."

"दोनच कळप हुते न्हवं?"

"दोनच."

त्यांनी मला मधल्या पानावरचं चित्र तीनदा दाखवायला लावलं. मग जरा वेळानं म्हणाले, "आन् आपलं नाव कुठं हाय ह्यात?"

मी सांगितलं की नाही. गोळा सरांनी केली असं लिहिलंय. मला वाटलं आबा शिव्या देतील. पण ते उलट खुशीतच होते. "लिवू दे काय लिवायचं ते. खूण हाय न्हवं तिच्यावर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आबा धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून तयार. पिशवीत भाकरी बांधून घेतली होती. माझं रजेचं, कॉलेजचं काही ऐकेनात. स्टँडवर पोचलो तरी त्यांचं बोलणं थांबेना. चार शानी मानसं बसवायची. पुण्यात असतीलच की. आपण किडा बघायचा न्हाय, त्यांनी बघायचा. "मी लांबनं सांगतो. डावा, वरल्या अंगानं, तिरका, सतरा नग. आन् त्या सरांनी सांगू दे त्येंची खूण काय हाय ती. मग बघू कुनाची जित हाय."

बाकावर शेजारी बसलेली दोन माणसं कौतुकानं ऐकत होती. पुण्याच्या गाडीला अजून वेळ होता. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर हा माणूस सरांच्या दारात उभा राहील आणि सर ती नोंदवही त्याच्यासमोर धरतील. वाचता येत नसलं तरी कुणीतरी वाचून दाखवील.

मी सांगितलं. सरांनी विचारलं होतं, कुणी केलं. मी मुंग्यांनी म्हणाले. वहीत लिहून सही दिली.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर एसटीला पाणी घालणाऱ्या माणसाकडे बघत राहिले.

"कोन कोन हुतं तितं?" त्यांनी विचारलं.

"सर आणि दोघं जण."

"म्हंजी चारचौघांत."

आबांनी मान हलवली, एखादा हिशेब पटल्यासारखी.

"मग त्येनं चोरली न्हाय, बाय," ते म्हणाले. "तू सोडून दिलीस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, सरांचं नाव घेऊन रडले असते. पुण्याची गाडी फलाटाला लागली. कंडक्टरनं पटक्याकडे बघून दोनदा विचारलं, "आबा, पुणं का?" आबांनी नाही म्हटलं. मग पिशवीत हात घालून त्यांनी भाकरीच्या फडक्याखालून माझं भिंग काढलं, चार माणसांना दाखवायला म्हणून त्यांनी ते बरोबर घेतलं होतं, आणि माझ्या हातात दिलं. त्यानंतर ते त्यांनी कधी मागितलं नाही.